आई-वडिलांची अंतिम इच्छा आणि घरातले वेगवेगळे धर्म

आमच्या बाबांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवून ठेवला होता. वर गॅस एजन्सीचा आणि दूधवाल्याचा नंबर होता आणि त्याखाली त्याच निळ्या शाईत काही ओळी होत्या: 'डोळे द्यावेत. वैकुंठात विद्युतदाहिनी. मंत्र नकोत, पण ज्याला आपली प्रार्थना म्हणायची असेल त्याने म्हणावी, कोणी कोणाला अडवू नये. थोडी राख आईच्या कबरीवरच्या मोगऱ्याला. चर्चच्या कमिटीला विचारले आहे, हो म्हणाले.' वैकुंठ म्हणजे पुण्यातली स्मशानभूमी. शेवटच्या ओळीपुढे कमिटीच्या सचिवांचे नाव, फोन आणि विचारल्याची तारीख होती.

बाबांनी हा कागद लिहिला, कारण आईच्या वेळी असा कागद नव्हता. आई नगरच्या मराठी ख्रिस्ती घरातली, बाबा सदाशिव पेठेतल्या हिंदू घरातले. दोघांनी 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी पद्धतीने लग्न केले आणि कोणीही आपला धर्म सोडला नाही. पुढे दादा घरचा गणपती आणि पितृपक्ष सांभाळू लागला, ताईने लग्नानंतर इस्लाम स्वीकारला आणि मी आईबरोबर चर्चला जात राहिले. माणसे धडधाकट असेपर्यंत असे घर फार आनंदात चालते. आई रात्री अकराला रुग्णालयात वारली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आम्ही शवागाराच्या बाहेरच्या बाकांवर वाद घालत बसलो. मामाला दफन हवे होते. दादाचे म्हणणे होते की आईने चाळीस वर्षे या घरात काढली, तेव्हा बाबांचे पुढे जे होईल तेच तिचेही व्हावे. बाबा काहीच बोलत नव्हते. शेवटी आम्ही तिला पुण्यातच दफन केले. आठवड्याने शेजारच्या काकू भेटायला आल्या आणि सहज बोलून गेल्या की आईने त्यांना सांगितले होते, 'मला नगरला माझ्या आईशेजारी ठेवतील ना हो?' नगर पुण्याहून तीन तासांवर आहे. आम्ही सहज नेऊ शकलो असतो.

या दोन मृत्यूंमधून मला जे कळले ते असे. देहाचे काय करायचे हे जाणाऱ्याने ठरवायचे असते आणि शोक कसा करायचा हे मागे राहणाऱ्याने. वेगवेगळ्या धर्मांच्या घरात या दोन गोष्टींची गल्लत होते आणि भांडण तिथे सुरू होते. पुढे जे लिहिले आहे ते या दोन गोष्टी वेगळ्या कशा ठेवाव्यात, याविषयी आहे.

विचारायचे कधी आणि नेमके काय

रुग्णालयात विचारू नये. तिथे हा प्रश्न ऐकणाऱ्याला तो निरोपासारखा वाटतो. आपल्याकडे मरणाविषयी सहज बोलता येईल असे दिवस प्रत्येक धर्मात आहेत: पितृपक्ष आहे, 2 नोव्हेंबरचा मृतांच्या स्मरणाचा दिवस आहे, शब-ए-बारातला घरची माणसे कब्रस्तानात जातात. कोणाच्या तरी अंत्यविधीहून परततानाचा रिक्षातला किंवा गाडीतला अर्धा तासही चांगला. 'त्यांचे सगळे कसे व्यवस्थित झाले, तुम्हाला काय वाटते?' एवढ्यावरून बोलणे सुरू होते. पहिल्यांदा विषय टाळला जाईल. महिनाभराने पुन्हा काढावा.

हे बोलणे एकट्या मुलाने किंवा मुलीने करू नये. विशेषतः ज्या अपत्याचा धर्म आई-वडिलांपेक्षा वेगळा आहे, ते समोर असायलाच हवे. नंतर कोणी 'बाबा मला असे म्हणाले होते' असे सांगितले की दुसऱ्याच्या मनात पहिला संशय येतो तो सांगणाऱ्याच्या धर्माविषयी. दोघांनी एकत्र ऐकलेल्या वाक्याला तो संशय चिकटत नाही.

'तुमची शेवटची इच्छा काय?' असा मोठा प्रश्न विचारला की उत्तरही मोठे आणि निरुपयोगी मिळते: 'तुम्हाला योग्य वाटेल ते करा.' म्हणून प्रश्न लहान आणि हाताशी धरता येतील असे असावेत. दहन, दफन की देहदान? पुण्यात की गावी? अंगावर कोणते कपडे असावेत, मंगळसूत्र किंवा क्रूस ठेवायचा की काढायचा? गुरुजी, पाळक, मौलाना, बौद्धाचार्य यांपैकी कोणाला बोलवायचे, की कोणालाच नाही? वेगळ्या धर्माच्या मुलाने खांदा दिला, अग्नी दिला, माती दिली तर चालेल ना? परदेशातल्या भावंडासाठी थांबायचे का, आणि किती तास?

शेवटच्या घटकेविषयीही विचारावे, कारण खरी ओढाताण कित्येकदा तिथेच होते. एक जण तोंडात गंगाजल घालू पाहतो, दुसरा कानाशी कलमा म्हणू पाहतो, तिसरा फादरना तैलाभ्यंगासाठी, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याच्या विधीसाठी, बोलावतो. आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले आहे त्याला नको म्हणण्याचेही त्राण उरलेले नसते. शुद्धीत असताना मागितले नसेल ते बेशुद्धीत देऊ नये, असे मला ठामपणे वाटते. ज्याला आपल्या श्रद्धेने काही म्हणायचे आहे त्याने शेजारी बसून मनात म्हणावे.

मिळालेल्या उत्तरांचे तीन भाग करावेत: हवेच, नकोच आणि तुमच्यावर सोडले. बाबांचे 'मंत्र नकोत' हे पक्के नकोच होते. विद्युतदाहिनी त्यांना पसंत होती, पण ती बंद असती तर त्यांनी हट्ट धरला नसता, हे त्यांनीच सांगितले होते. हे वेगळे केलेले नसेल तर ऐन वेळी यंत्र बंद आहे म्हणून माणसे हवालदिल होतात आणि जे खरोखर महत्त्वाचे होते ते मात्र गडबडीत निसटते.

इच्छेमागचे कारणही विचारून घ्यावे. 'भटजी नकोत' या वाक्यामागे धर्माचा नकार असेलच असे नाही; मुलांना खर्चात पाडायचे नाही, एवढेच असू शकते. 'मला जाळू नका' असे हिंदू घरातली बाई म्हणाली तर दचकू नये. आपल्याकडे लिंगायत समाजात दफनाचीच रीत आहे, नाथ आणि गोसावी परंपरेत समाधी देतात, आणि आगीची भीती हेही पुरेसे कारण आहे. उलट बाजूलाही अशी उदाहरणे आहेत. ज्यांनी 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्या हमीद दलवाईंनी आपले धार्मिक विधीविना दहन व्हावे असे सांगून ठेवले होते आणि 1977 च्या मे महिन्यात ते तसेच झाले. लेखिका इस्मत चुगताई यांचेही 1991 मध्ये त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले. नावावरून किंवा आडनावावरून अंत्यविधी गृहीत धरू नये, हे या दोन्ही घरांना कळले होते, कारण त्यांना आधी सांगितलेले होते.

इच्छा पुरी होण्यासारखी आहे का, हे आधी पाहावे

पुण्यातलेच उदाहरण घ्यायचे तर महात्मा फुल्यांचे घ्यावे लागेल. आपला देह जाळू नये, मीठ घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी त्यांनी घरामागे खड्डाही खणून घेतला होता. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले तेव्हा वस्तीत दफन करायला नगरपालिकेने परवानगी दिली नाही आणि त्यांचे दहन करावे लागले. अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे प्रेतापुढे नेतात ते मडके, कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्काला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी ते स्वतः हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या. इच्छा स्पष्ट होती, माणूस मोठा होता, मागे राहिलेली माणसे धीराची होती; तरी जागेच्या नियमापुढे इलाज चालला नाही. म्हणून इच्छा समजली की दुसरे काम म्हणजे ज्यांच्या जागेत ती पुरी व्हायची आहे त्यांच्याकडे जाऊन विचारणे. बाबांच्या कागदावरची शेवटची ओळ मला म्हणूनच सगळ्यांत मोलाची वाटते.

दहनाच्या बाबतीत विचारण्यासारखे फारसे नसते. वैकुंठ, कैलास किंवा येरवड्यातली स्मशानभूमी महापालिकेची आहे आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र व पास, म्हणजे अंत्यविधीचा परवाना, असला की तिथे कोणी धर्म विचारत नाही. खरी चौकशी दफनासाठी करावी लागते. ख्रिस्ती दफनभूमी कोणत्या ना कोणत्या चर्चशी किंवा ट्रस्टशी जोडलेली असते, जागेची टंचाई असते, कुटुंबाची जुनी कबर पुन्हा किती वर्षांनी उघडता येईल याचे नियम असतात आणि सभासदत्व चालू आहे का, हेही पाहिले जाते. नवरा हिंदू आणि बायको ख्रिस्ती असेल आणि दोघांना शेजारी राहायचे असेल, तर ते बहुतेक वेळा राखेच्या रूपानेच शक्य होते, आणि तेही परवानगी असेल तर. कॅथलिक घरांनी एक लक्षात ठेवावे. 1963 पासून त्यांच्या चर्चने दहनाला मुभा दिली आहे, मात्र राख उधळू नये, नातेवाइकांत वाटू नये, घरी ठेवू नये, तर पवित्र जागी जतन करावी, असे व्हॅटिकनने 2016 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे कॅथलिक आईने 'माझी राख इंद्रायणीत सोडा' असे म्हटले असेल तर तिच्याशी आणि फादरांशी आधीच बोलावे. ते नंतर उमगले तर मुलांच्या मनाला फार लागते.

कब्रस्तानाचा निर्णय तिथली जमात किंवा ट्रस्ट घेतो. गुस्ल म्हणजे देहाला घालायचे स्नान, कफन आणि जनाजाची नमाज हे सगळे शक्यतो त्याच दिवशी उरकायचे असते, त्यामुळे विचारायला वेळच मिळत नाही. वडील मुसलमान आणि मुलगा हिंदू असेल तर नमाजीच्या वेळी मुलाने कुठे उभे राहावे, खांदा कधी द्यावा, माती द्यायला पुढे यावे का, आणि मुलीला कब्रस्तानात येता येईल का, हे त्या मशिदीच्या इमामांना महिनाभर आधी विचारलेले बरे. मी पाहिले आहे की शांतपणे आधी विचारले तर वाट निघते. गर्दीत विचारले तर ज्याला सर्वांत कमी माहिती असते तो सर्वांत मोठ्याने नाही म्हणतो. लाल देवळाशी, म्हणजे पुण्यातल्या सिनेगॉगशी, जोडलेल्या बेने इस्रायली (मराठी ज्यू) घरांतही दफनच असते आणि तेही लवकर, म्हणून तिथेही हाच सल्ला.

पारशी कुटुंबांत प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण ठरावीक विधीनंतर पारशी नसलेल्यांना देहाचे दर्शन घेता येत नाही. वलसाडच्या एका पारशी महिलेने हिंदू पुरुषाशी विशेष विवाह कायद्याखाली लग्न केले म्हणून आई-वडिलांच्या अंत्यविधीला येण्याचा तिचा हक्क नाकारला जात होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर डिसेंबर 2017 मध्ये तिथल्या अंजुमनने, म्हणजे पारशी समाजाच्या संस्थेने, तिला येऊ देण्याचे मान्य केले. ती लढली ते आई-वडील हयात असताना, आणि म्हणूनच त्या लढ्याचा तिला उपयोग होता. जे पारशी दहन निवडतात त्यांच्यासाठी मुंबईत वरळीला 2015 पासून प्रार्थनागृह आहे, आणि तिथे पारशी नसलेल्या जावयाला किंवा सुनेलाही बसता येते.

देहदान हा वेगवेगळ्या धर्मांच्या घरांना समेटाचा मार्ग वाटतो, आणि कधी कधी तो तसा असतोही. पण भांडण टाळण्यासाठी म्हणून तो निवडू नये. पुण्यात बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जिवंतपणी अर्ज भरता येतो. तरी प्रत्यक्षात देह देताना जवळच्या नातेवाइकांची संमती घेतली जाते, आणि एकाने हरकत घेतली तर महाविद्यालय वादात पडत नाही. शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह घेत नाहीत, त्यामुळे देहदानाच्या खाली 'ते न झाल्यास काय' ही ओळ लिहिलेलीच हवी.

कागद

अनेक जण ही इच्छा मृत्युपत्रात लिहितात आणि समाधान मानतात. मृत्युपत्र मालमत्तेसाठी असते आणि ते बहुधा तेराव्यानंतर उघडले जाते. तोवर सगळे होऊन गेलेले असते. अंत्यसंस्काराचा कागद वेगळा असावा, एका पानाचा, त्यांच्या स्वतःच्या हस्ताक्षरात, तारीख व सही असलेला, आणि त्यावर दोन साक्षीदार असावेत. साक्षीदार शक्यतो दोन वेगळ्या धर्मांचे असावेत. आमच्याकडे मामा आणि काका होते, आणि पुढे त्या दोघांनीच आपापल्या बाजूच्या माणसांना गप्प केले. उपचार कुठवर करायचे याची इच्छा हा आणखी तिसरा कागद असतो. त्याला सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्यता दिली आणि 2023 मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. हे तिन्ही एकत्र करू नयेत.

कागदावर एका माणसाचे नाव असावे, ज्याचा शब्द त्या दिवशी शेवटचा राहील. ते मोठ्या मुलाचेच असले पाहिजे असे नाही. बाबांनी माझे नाव लिहिले होते आणि दादाला ते आधी सांगितले होते. दादाला वाईट वाटले, त्याने दोन दिवस बोलणे सोडले, आणि मग तो स्वतःच म्हणाला की बरे झाले, मला निवड करावी लागणार नाही. हे वाईट वाटणे बाबा असताना झाले म्हणून ते निवळले. कागदाच्या प्रती सगळ्या भावंडांकडे, फॅमिली डॉक्टरांकडे आणि एका शेजाऱ्याकडे असाव्यात. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेला कागद रविवारी पहाटे कामाला येत नाही.

त्या दिवशी

घरी मृत्यू झाला असेल तर पहिला फोन डॉक्टरांना, कारण मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय पुढचे काहीच हलत नाही. नेत्रदान करायचे असेल तर दुसरा फोन नेत्रपेढीला, कारण साधारण सहा तासांत नेत्रपटल काढावे लागते. त्यानंतर पास आणि शववाहिका. पुण्यात तिला सगळे 'पुष्पक' म्हणतात. छातीत पेसमेकर असेल तर दहनाआधी तो काढून घ्यावा लागतो, नाही तर दाहिनीत त्याचा स्फोट होतो. हे सांगायला माणसे हमखास विसरतात. यानंतर नातेवाइकांच्या गटावर निरोप टाकताना वेळ, जागा आणि पद्धत हे तिन्ही एकाच निरोपात लिहावे: 'बाबांच्या लेखी इच्छेप्रमाणे वैकुंठात विद्युतदाहिनीत, मंत्रोच्चाराशिवाय.' एवढे स्पष्ट लिहिले की येणारा माणूस मनाची तयारी करून येतो.

धर्मामुळे ज्याला विधीत हात घालता येत नाही, त्याला बाजूला उभे करू नये. त्याला देहाच्या जवळचे, पण विधी नसलेले काम द्यावे. बाबा पहाटे तीनला गेले. नेत्रपेढीची माणसे येईपर्यंत डोळे ओले ठेवायचे होते. ताईने पंखा बंद केला, बाबांच्या डोक्याखाली दुसरी उशी सरकवली, वाटीत पाणी घेतले आणि मिटलेल्या पापण्यांवर कापसाचे ओले बोळे ठेवले. दर पंधरा मिनिटांनी ती ते काढायची, पुन्हा भिजवायची, हलके पिळायची आणि परत ठेवायची. ओघळलेला थेंब ओढणीच्या टोकाने टिपायची. पावणेपाचला डॉक्टर आले, वीस मिनिटांत त्यांचे काम झाले आणि बाबांचा चेहरा होता तसाच दिसत होता. नंतर वैकुंठात ताईने कशालाच हात लावला नाही, आणि तिला कोणी विचारलेही नाही, कारण शेवटचे दोन तास बाबा तिच्या हातात होते हे सगळ्यांना माहीत होते. आंघोळ घालणे, कपडे नेसवणे, फुले आणणे, चश्मा आणि औषधे आवरणे, पासासाठी धावणे, लांबून आलेल्यांना चहा देणे, अशी कितीतरी कामे कोणत्याच धर्माची नसतात. कोणी काय करायचे हे आधीच ठरले असेल तर कोणालाही आपण परके आहोत असे वाटत नाही.

कोणीतरी चांगल्या मनाने ठरल्याबाहेरचे करणारच, याचीही तयारी ठेवावी. आमच्या एका दूरच्या काकांनी परस्पर गुरुजींना आणले. अशा वेळी वाद घालू नये आणि स्वतःचे मतही सांगू नये. कागद वाचून दाखवावा. मी कागद वाचला, गुरुजींनी तो हातात घेऊन एकदा स्वतः वाचला, पिशवी खाली ठेवली आणि ते मागच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मग प्रत्येकाला दोन मिनिटे दिली. दादाने काही न म्हणता तुळशीपत्र ठेवले, मी आईच्या बायबलमधले एक स्तोत्र मराठीत वाचले, ताई डोक्यावरून ओढणी घेऊन बाबांच्या पायाशी उभी राहिली. क्रम वयाने लावावा, धर्माने लावू नये, आणि वेळ सगळ्यांना सारखा द्यावा. याहून अधिक जुळवाजुळव करण्याच्या मी विरुद्ध आहे. सर्व धर्मांचे थोडे थोडे घेऊन नवा विधी रचला की तो कोणाचाच राहत नाही, आणि जाणाऱ्याने तर तो मुळीच मागितलेला नसतो.

कागद नसेल आणि मतभेद झालाच तर

तर आधी वेळ विकत घ्यावा. शवागारात किंवा शीतपेटीत काही तास मिळतात. त्याला मर्यादा घालून, म्हणजे 'चार वाजेपर्यंत ठरवू' असे सांगून, चार-पाच जवळच्या माणसांनीच बसावे. मतदान करू नये. ज्या धर्माची मुले जास्त त्या धर्माचा अंत्यविधी, हा न्याय नव्हे. पहिला शब्द हयात असलेल्या पती किंवा पत्नीचा, आणि ते गप्प असतील तर त्यांना बोलते करावे. आमच्या बाबांना त्या रात्री कोणी नीट विचारलेच नाही. नंतर गेलेल्या माणसाने कोणाकोणाला काय सांगितले होते याचा शोध घ्यावा. शेजारी, कामाला येणाऱ्या मावशी, भिशीतल्या मैत्रिणी, मंदिरात, चर्चमध्ये किंवा मशिदीत रोज भेटणारे लोक यांना फोन करावेत. घरच्यांना न सांगितलेले म्हातारी माणसे बाहेर सांगतात. तेही हाती लागले नाही तर त्यांनी शेवटची काही वर्षे प्रार्थना कुठे केली, त्यांचे स्वतःचे आई-वडील कुठे आणि कसे गेले, हे पाहावे. तरीही दोन्ही पारडी सारखीच राहिली तर दहन मागे घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे. अशा वेळी मी दफनाकडे झुकेन.

न्यायालयाचा रस्ता आहे, पण तो किती लांबचा असतो हे अलीकडेच दिसले. केरळमधले मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे ज्येष्ठ नेते एम. एम. लॉरेन्स सप्टेंबर 2024 मध्ये वारले. देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा अशी त्यांची तोंडी इच्छा होती, असे मुलाचे म्हणणे होते. ख्रिस्ती पद्धतीने दफन व्हावे, असे मुलीचे. उच्च न्यायालयाने देहदानाची बाजू ग्राह्य धरली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दफनासाठीची याचिका फेटाळली. मधल्या जवळजवळ चार महिन्यांत देह तसाच ठेवलेला होता. त्याच जानेवारीत छत्तीसगडमधल्या एका ख्रिस्ती मुलाला वडिलांना गावात दफन करता यावे म्हणून सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. वडील सुमारे तीन आठवडे शवागारात होते, खंडपीठातल्या दोन न्यायमूर्तींचे एकमत झाले नाही आणि अखेर गावापासून वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिस्ती दफनभूमीत जागा देण्याचा आदेश झाला. दोन्ही घरांतल्या माणसांच्या दुःखाविषयी मला बोलायचे नाही. एका पानाच्या कागदाने किंवा आधीच्या चौकशीने जे टळण्यासारखे असते ते आपण टाळावे, एवढेच.

नंतरचे दिवस

मृत्यूची नोंद 21 दिवसांत व्हावी लागते. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर नोंद ते कळवतात, घरी झाला असेल तर आपण पाहायचे. वृत्तपत्रातल्या निधनाच्या निवेदनात कोणत्याही धर्माचे चिन्ह घालू नये आणि सगळ्या मुलांची, सुनांची, जावयांची नावे त्यांच्या आजच्या नावांनी द्यावीत. ताईचे लग्नाआधीचे नाव छापा असे सुचवणारे आमच्याकडेही निघाले होते.

दहावा, तेरावा, चाळिसावा, महिन्याची प्रार्थना, जलदान विधी हे सगळे ज्याने त्याने आपल्या घरी करावे, आणि सर्वांसाठी एकच स्मरणसभा ठेवावी. जेवण सगळ्यांना चालेल असे शाकाहारी असावे आणि रमजान असेल तर वेळ इफ्तारनंतरची ठेवावी. जाणाऱ्याने 'श्राद्ध नको' म्हटले असेल आणि मुलाची श्रद्धा त्यावर असेल, तर तो पेच खरा आहे. दादाने तो बाबांनाच विचारून सोडवला होता. बाबा म्हणाले होते, 'तुझ्या घरी घाल, तुझ्या समाधानासाठी घाल. माझ्या फोटोपुढे पान मांडू नकोस.' दादा तसेच करतो. पितृपक्षात बाबांचा फोटो माझ्या घरी येतो आणि अमावास्येनंतर परत जातो.

राखेचे राहिले. दाहिनीतून त्याच दिवशी राख मिळते, ती दोन वेगळ्या डब्यांत मागून घ्यावी, म्हणजे नंतर वाटणी करताना हात थरथरत नाहीत. मोठा डबा दादा आळंदीला घेऊन गेला. लहान डबा घेऊन आम्ही तिघे दफनभूमीत गेलो, तेव्हा सचिवांनी आधीच सांगितले की कबरीच्या मातीत नको, कुंडीत चालेल. आणि कागदावर बाबांनी लिहिलेही तेवढेच होते, मोगऱ्याला. राखेत क्षार फार असतात, ती थेट मुळाशी घातली तर झाड जळते. म्हणून ताईने आणलेल्या घमेलेभर मातीत आणि शेणखतात दोन चमचे राख आधी नीट कालवली, कुंडीतली वरची माती काढून ती घातली आणि झारीने बेताने पाणी दिले.